डॉप्लर : ताऱ्यांकडून वाऱ्याकडे

ख्रिश्चन डॉप्लरचा जन्म २९ नोव्हेंबर १८०३ रोजी ऑस्ट्रियातील साल्झबर्ग येथे एका पाथरवटाच्या घरी झाला. मुलाची प्रकृती तोळामासा. छिन्नी-हातोडा त्याला पेलणार नाही हे पाहून घरच्यांनी त्याला शिक्षणाकडे वळवले. व्हिएन्नात गणित शिकूनही कायमची नोकरी मिळेना. दीड वर्ष त्याने सूतगिरणीत हिशेब लिहिले. शेवटी अमेरिकेला जाण्याच्या तयारीने त्याने सामानसुमानही विकले, तोच १८३५ मध्ये प्रागहून शिक्षकाची नेमणूक आली. पदवी घेऊन अर्ज करीत बसलेल्या आपल्या मित्रांना ही हकीकत परकी वाटू नये.

२५ मे १८४२ रोजी प्रागच्या विज्ञानसभेत मोजक्या श्रोत्यांपुढे त्याने आपला निबंध वाचला. लहरींचा उगम जवळ येत असेल तर लहरी दाटतात व कंप्रता वाढते. दूर जात असेल तर ती घटते. रेल्वे फाटकाशी उभे राहून शिटी ऐकणाऱ्याला हे सांगायला नको. १८४५ मध्ये उट्रेख्टजवळ बाइस बालॉट या डच शास्त्रज्ञाने आगगाडीवर तुतारीवाले बसवले, रुळांशेजारी सुरांचे जाणकार उभे केले आणि तत्त्व खरे ठरवले. (हाच गृहस्थ पुढे वाऱ्याच्या दिशेच्या नियमामुळे गाजला.)

डॉप्लरचे तत्त्व बरोबर होते, पण त्याने दिलेले उदाहरण चुकले. जोडताऱ्यांचे रंग त्यांच्या गतीमुळे दिसतात असे तो समजला. ताऱ्यांचा वेग प्रकाशाच्या मानाने इतका अल्प, की डोळ्यांना रंगबदल दिसणे शक्यच नाही. वर्णपटातील रेषा मात्र किंचित सरकतात, हे १८४८ मध्ये फिझोने दाखवले. १८५० मध्ये डॉप्लर व्हिएन्ना विद्यापीठाच्या भौतिकी संस्थेचा पहिला संचालक झाला. मेंडेल हा तेथे त्याचा विद्यार्थी. पण १८५२ मध्ये पेट्झव्हाल या गणितज्ञाने तत्त्वावरच हल्ला चढवला. फुफ्फुसाच्या विकाराने खंगलेला डॉप्लर हवापालटासाठी व्हेनिसला गेला आणि १७ मार्च १८५३ रोजी तेथेच वारला. वय अवघे एकोणपन्नास.

जो बदल डोळ्यांना दिसत नाही, तो टिपायला लेसर यावा लागला. वारा अदृश्य खरा, पण त्याच्यासोबत वाहणारे धूलिकण लेसरचा प्रकाश परतवतात. दीड मायक्रॉन तरंगलांबीला, सेकंदाला एक मीटर वेगाने, कंप्रतेत फरक पडतो तो सुमारे पंधरा कोटींत एक! परतलेला प्रकाश मूळ किरणात मिसळला की, तंबोऱ्याच्या किंचित बेसूर तारांप्रमाणे आंदोलने उठतात. ती मोजली की वेग कळतो. प्रक्षुब्ध हवेत मात्र प्रत्येक कणाचा वेग निराळा, म्हणून एका सुराऐवजी सुरांचा पट्टा मिळतो. पट्ट्याचा मध्य म्हणजे सरासरी वेग. त्याच्या रुंदीवरून खळबळीचा अंदाज येतो. शिवाय किरणाच्या रेषेतलाच वेग कळतो, म्हणून किरण अनेक दिशांना फिरवावा लागतो. आणि तेवढ्यात वारा बदलला तर हिशेब चुकतो. २०१८ मध्ये सोडलेल्या युरोपच्या ‘एओलस’ उपग्रहाने २०२३ पर्यंत याच तत्त्वावर थेट अंतराळातून पृथ्वीवरचे वारे मोजले.