ग्रॅहम ग्रीन

हेन्री ग्रॅहम ग्रीन (जन्म : २ ऑक्टोबर १९०४, बर्कहॅमस्टेड, इंग्लंड, मृत्यू : ३ एप्रिल १९९१, व्हेवे, स्वित्झर्लंड) हे इंग्लिश कादंबरीकार, पटकथाकार आणि चित्रपट समीक्षक होते. निष्ठा आणि विश्वासघात यांच्या कात्रीत सापडलेली माणसे हा त्यांच्या लेखनाचा कायमचा विषय होय.

पूर्वायुष्य

ग्रीन यांचे वडील बर्कहॅमस्टेड येथील शाळेचे मुख्याध्यापक होते आणि ग्रीन त्याच शाळेच्या वसतिगृहात राहत. मुख्याध्यापकाचा मुलगा म्हणून सोबती त्यांच्याकडे संशयाने पाहत. सोबत्यांची बाजू घ्यावी, तर वडिलांशी प्रतारणा होई. ही कोंडी त्यांना असह्य झाली आणि पुढे लंडनमध्ये त्यांच्यावर मनोविश्लेषणाचे उपचार करावे लागले. ऑक्सफर्डमधील शिक्षणानंतर त्यांनी 'द टाइम्स'मध्ये उपसंपादक म्हणून काम केले. आर. के. नारायण यांची पहिली कादंबरी १९३५ मध्ये प्रकाशित झाली, ती ग्रीन यांच्याच प्रयत्नाने.

हेरखाते

दुसऱ्या महायुद्धात, १९४१ साली, ते ब्रिटिश गुप्तहेर खात्यात दाखल झाले. सिएरा लिओनमधील फ्रीटाउन येथील नेमणुकीनंतर लंडनमध्ये त्यांनी किम फिल्बी यांच्या हाताखाली काम केले व १९४४ मध्ये खाते सोडले.

द थर्ड मॅन

निर्माते अलेक्झांडर कोर्डा यांच्या सांगण्यावरून ग्रीन फेब्रुवारी १९४८ मध्ये व्हिएन्नाला गेले. शहर तेव्हा चार विजेत्या राष्ट्रांत विभागलेले होते. तेथील एका ब्रिटिश अधिकाऱ्याकडून त्यांना भुयारी गटारांत गस्त घालणारे पोलीस आणि पेनिसिलिनचा काळाबाजार यांची माहिती मिळाली. आधी कथा लिहिल्यावाचून त्यांना पटकथा सुचत नसे. म्हणून त्यांनी प्रथम लघुकादंबरी लिहिली.

कथेचा नायक हॉली मार्टिन्स हा बाजारू कादंबऱ्या लिहिणारा सामान्य लेखक आहे. हॅरी लाइम हा त्याचा जुना मित्र भेसळीचे पेनिसिलिन विकतो, हे कळल्यावरही तो त्याला लगेच पोलिसांच्या हवाली करत नाही. तो आधी नाकारतो, मग लाइमची प्रेयसी ॲना हिच्या सुटकेच्या बदल्यात तयार होतो, तिने धिक्कारल्यावर माघार घेतो आणि रुग्णालयातील बाधित बालके पाहिल्यावरच अखेरचा निर्णय करतो. ही चलबिचलच पटकथेला खरेपणा देते. ॲनाला लाइमचे गुन्हे ठाऊक असतात, तरीही ती त्याच्याशी प्रतारणा करत नाही.

मूळ कथेच्या शेवटी ॲना मार्टिन्सचा हात धरून चालू लागते. दिग्दर्शक कॅरल रीड यांना हे पटले नाही. चित्रपटात ती त्याच्याकडे न पाहता निघून जाते. रीड यांचाच निर्णय योग्य होता, असे ग्रीन यांनी पुढे मान्य केले. चित्रपटाला १९४९ च्या कान महोत्सवात सर्वोच्च पुरस्कार मिळाला.

फिल्बी प्रकरण

फिल्बी १९६३ मध्ये मॉस्कोला पळून गेले आणि ते सोव्हिएत हेर असल्याचे उघड झाले. लाइमच्या व्यक्तिरेखेमागे तेच असावेत असे काही समीक्षक मानतात, परंतु तो तर्कच आहे. ग्रीन यांनी मात्र मार्टिन्सचा मार्ग पत्करला नाही. १९६८ मध्ये त्यांनी फिल्बी यांच्या आत्मकथेस सहानुभूतीची प्रस्तावना लिहिली, त्याबद्दल टीका सोसली आणि पुढे मॉस्कोत जाऊन त्यांची भेटही घेतली.