रुडॉल्फ डिझेल

झाशी म्हटले की राणी लक्ष्मीबाईंचे स्मरण होते. १८५८ च्या मार्च महिन्यात इंग्रज फौजेने झाशीला वेढा घातला. त्याच महिन्याच्या १८ तारखेला दूर पॅरिसमध्ये रुडॉल्फ डिझेल यांचा जन्म झाला. झाशीशी त्यांचा कधीच संबंध आला नाही. परंतु पुढे याच शहराच्या रेल्वे शेडमध्ये, रस्त्यांवर आणि भोवतालच्या शेतांत त्यांचे आडनाव इंजिनाचे नाव होऊन रुजले.

रुडॉल्फ यांचे आईवडील मूळचे जर्मन. १८७० मध्ये फ्रान्स आणि प्रशिया यांच्यात युद्ध पेटले आणि या कुटुंबाला पॅरिस सोडून लंडन गाठावे लागले. बारा वर्षांच्या रुडॉल्फला शिक्षणासाठी जर्मनीत नातेवाइकांकडे पाठवण्यात आले. पुढे म्युनिक येथे शिकताना त्यांना एक गोष्ट खटकली. वाफेचे इंजिन कोळशातील उष्णतेचा जेमतेम दहावा भाग कामी आणत असे; उरलेली उष्णता वाया जाई. ही उधळपट्टी थांबवावी आणि लहान कारागिरालाही परवडेल असे इंजिन घडवावे, हा त्यांचा ध्यास बनला.

हवा जोराने दाबली की ती तापते. ती इतकी दाबावी, की तिच्यात सोडलेले इंधन ठिणगीवाचून पेटेल, अशी त्यांची कल्पना होती. १८९३ मध्ये पहिल्या चाचणीत भडका उडाला, तरी त्यांनी प्रयत्न सोडले नाहीत. १८९७ मध्ये त्यांच्या इंजिनाने इंधनातील सुमारे २६ टक्के उष्णता कामात आणून दाखवली.

कीर्ती आली, पैसाही आला. पण पेटंटचे वाद, ढासळलेली प्रकृती आणि तोट्याचे व्यवहार यांनी ते खचले. २९ सप्टेंबर १९१३ च्या रात्री इंग्लंडला जाणाऱ्या बोटीवरून ते नाहीसे झाले. काही दिवसांनी समुद्रात त्यांचा मृतदेह सापडला. मृत्यूचे गूढ कायम राहिले. इंधनाच्या थेंबाथेंबाचा हिशेब मांडणाऱ्या या माणसाला स्वतःच्या संसाराचा हिशेब मात्र जुळवता आला नाही.

आपले इंजिन मोटारगाडीत बसलेले त्यांना पाहता आले नाही. सुरुवातीची इंजिने फार अवजड होती. ती गिरण्यांत आणि जहाजांवर चालत. इंधन सोडणारा लहान पंप तयार झाल्यावर १९३६ मध्ये मर्सिडीज-बेंझ कंपनीने डिझेलवर चालणारी मोटार विक्रीस आणली. अशी गाडी एका लिटरमध्ये पेट्रोलच्या गाडीपेक्षा अधिक अंतर कापते. मात्र तिची किंमत जास्त असल्याने, रोज लांबचा प्रवास करणाऱ्यालाच तिचा खरा लाभ होतो.

आज डिझेलच्या धुराचे दुष्परिणामही कळले आहेत. झाशीवरून जाणाऱ्या मुख्य लोहमार्गावर आता विजेची इंजिने धावतात. तरीही कमी इंधनात अधिक काम करून घेण्याचा जो ध्यास डिझेल यांनी घेतला, तो प्रत्येक नव्या इंजिनामागे आजही आहे.