छताला लाकूड नाही, मग?

घर बांधायचंय आणि खिशात पैसे नाहीत. भिंतींचं कसंही जमेल. माती फुकट, हात घरचे. पण छताचं काय? त्याला लाकूड हवं, नाहीतर पत्रा, नाहीतर सिमेंट आणि सळई. यातलं काहीच फुकट मिळत नाही. आजोळी एखादं माळवदाचं घर अजून उभं असेल तर पुढच्या सुट्टीत मान वर करून बघा. वरच्या मातीचा सगळा भार खालच्या लाकडी तुळयांवर असतो. आता असा मुलूख डोळ्यांसमोर आणा, जिथे तुळई निघेल असं झाडच उगवत नाही.

हसन फतही या इजिप्शियन आर्किटेक्टने आयुष्याची जवळजवळ पन्नास वर्षं या प्रश्नात घालवली. उत्तर सापडलंही. ते ज्यांच्यासाठी शोधलं, त्यांना मात्र ते नको होतं.

जन्म २३ मार्च १९०० चा, अलेक्झांड्रियाचा. घराण्याची जमीन होती, पण वडिलांना तिकडे फिरकायलाही नको असायचं. आईचं नेमकं उलट. तिचं लहानपण गावाकडचं, आणि तिच्या आठवणी ऐकून ऐकून मुलाच्या मनात खेड्याचं एक गोड चित्र तयार झालेलं. शेतकी कॉलेजात जायचं त्यांच्या मनात होतं. पण शेत पाहिलं होतं ते रेल्वेच्या खिडकीतून! प्रवेशाच्या परीक्षेत ते उघडं पडलं आणि दार बंद झालं. मग आर्किटेक्चर. १९२६ ला कैरोतून पदवी आणि १९३० पासून तिथल्याच ललित कलांच्या कॉलेजात शिकवणं. घरच्या शेतावर त्यांनी पहिल्यांदा पाऊल टाकलं तेव्हा वय होतं सत्तावीस. आईच्या गोष्टीतलं गाव तिथे नव्हतं. होत्या त्या बुटक्या, अंधाऱ्या, बिनखिडकीच्या झोपड्या. आणि त्यात राहत होती ती माणसं, ज्यांच्या घामावर फतहींचं शिक्षण झालं होतं.

दुसरं महायुद्ध सुरू झालं तसं इजिप्तमध्ये लाकूड आणि लोखंड परवडेनासं झालं. फतहींकडे कैरोजवळ बहतीम इथल्या शेतावर काही घरं बांधायचं काम होतं. त्यांनी उन्हात वाळवलेल्या कच्च्या विटा घेतल्या. भिंती झकास उभ्या राहिल्या. छत मात्र सेंटरिंगशिवाय घालायचं होतं, कारण सेंटरिंगलाही लाकूडच लागतं. कमानी रचायला घेतल्या आणि त्या कोसळल्या. कॉलेजात शिकवणाऱ्या माणसाला शेतकऱ्याच्या घराचं छत घालता येईना.

रस्ता दाखवला तो भावाने. तो तेव्हा आस्वानच्या धरणाच्या कामावर होता. दक्षिणेकडे नुबियात लोक लाकडाशिवाय छतं घालतात, असं त्याने सांगितलं. १९४१ च्या फेब्रुवारीत फतही विद्यार्थ्यांना घेऊन तिकडे गेले. आस्वानच्या पश्चिमेला घर्ब आस्वान नावाचं गाव आहे. तिथे त्यांनी ओळीने उंच, स्वच्छ, पांढऱ्या भिंतींची घरं पाहिली. प्रत्येकावर कमानी छत, म्हणजे आडवं ठेवलेलं पिंप मधोमध कापून वर पालथं घालावं तसं. नंतर लक्सरच्या रामेसियम मंदिरामागची धान्याची कोठारं पाहिली. त्यांच्यावरही कच्च्या विटांचं तसलंच छत, तीन हजारांहून जास्त वर्षं टिकलेलं.

तुम्ही सिव्हिलला असाल तर पुढचा भाग सावकाश वाचा.

खोलीची एक भिंत बाकीच्यांपेक्षा उंच चढवायची. तिच्यावर ओल्या मातीचा लेप द्यायचा आणि त्यात कमानीची रेघ ओढायची. मोजपट्टी नाही, दोरी नाही, निव्वळ डोळ्याचा अंदाज. ही रेघ अर्धवर्तुळ नसते. ती पॅराबोलाच्या इतकी जवळ जाते की गणित करून काढलेली वाटावी. कच्ची वीट दाब सोसते, ताण सोसत नाही. पॅराबोलात छताच्या वजनाचा फक्त दाबच होतो, वाकवणारा ताण जवळपास उरत नाही. मग दोन गवंडी फळीवर उभे राहून दोन्ही बाजूंनी विटा लावत येतात. विटा नेहमीच्या नाहीत, खास छतासाठी पाडलेल्या. २५ बाय १५ सेंटीमीटर, जाडी फक्त ५, भुसा जास्त म्हणून वजनाला हलक्या. ओल्या असतानाच त्यांच्या पाठीवर बोटांनी खाचा ओढलेल्या असतात, म्हणजे चिखलाला धरून बसतील. पहिला थर उंच भिंतीला रेलतो, दुसरा पहिल्याला, तिसरा दुसऱ्याला. प्रत्येक थर तिरका, त्यामुळे वीट सुटी लोंबत नाही, मागच्याच्या अंगावर टेकलेली राहते. सेंटरिंगचं काम आधीचा थर करतो! विटांमधल्या बाहेरच्या फटींत दगडाच्या चिपा ठोकायच्या, म्हणजे चिखल सुकून आकसला तरी कमान बसत नाही. तीन मीटर रुंदीची खोली अशी दीड दिवसात झाकली जाई.

फतहींनी या गवंड्यांना कामावर घेतलं आणि उत्तरेकडे नेलं. बहतीमची छतं पूर्ण झाली. पुढे आयुष्यभर ते सांगत राहिले की हे आपण शोधलेलं नाही. आस्वानचं मोठं धरण झाल्यावर साठच्या दशकात नुबियाचा फार मोठा भाग पाण्याखाली गेला, गावंच्या गावं. तेव्हा ही विद्या फतहींच्या कामांतून आणि लिखाणातून बाहेर पोचलेली होती.

मातीचं घर म्हणजे गरिबीची खूण, असं तिकडेही होतं, इकडेही आहे. म्हणून १९६४ ची एक चाचणी सांगायला हवी. कैरोच्या इमारत संशोधन केंद्रात दोन छोट्या खोल्या बांधल्या गेल्या. एक कच्च्या विटांची, भिंती ५० सेंटीमीटर, वर कमानी छत. दुसरी तयार कॉन्क्रीटच्या १० सेंटीमीटर जाडीच्या पॅनेलांची. मार्च महिना होता. मातीच्या खोलीतलं तापमान दिवसरात्र २१ ते २३ अंशांत राहिलं. कॉन्क्रीटची खोली ३६ अंशांपर्यंत तापली, म्हणजे बाहेरच्या हवेपेक्षाही ९ अंश जास्त. तुलना सरळ नाही हे कबूल, एक भिंत दुसरीच्या पाचपट जाड आहे. पण गरिबांसाठी जे कॉन्क्रीटचं घर बांधलं जातं ते पातळच असतं, आणि मातीचं जाड घर त्याच माणसाला परवडतं. माझ्या मते तुलना त्या दोन घरांचीच होती.

आता गुर्ना. लक्सरसमोर नाईलच्या पश्चिम काठावर प्राचीन थडग्यांच्या टेकड्या आहेत. त्या थडग्यांच्या वर आणि मध्ये गुर्ना गाव वसलेलं होतं, सुमारे सात हजार वस्तीचं. थडग्यांतल्या वस्तू काढून विकणं हा तिथल्या अनेकांचा पिढीजात धंदा. एकदा तर खडकात कोरलेलं एक अख्खं शिल्पच कापून नेलं गेलं, आणि सरकारने गावच हलवायचं ठरवलं. खाली सपाटीवर ५० एकर जमीन घेतली गेली आणि पुरातत्त्व खात्याने नवं गाव उभारायचं काम फतहींना दिलं. १९४६ मध्ये काम सुरू झालं. नुबियन गवंडी आले, गावातली मुलं त्यांच्या हाताखाली शिकू लागली. मशीद झाली, बाजार झाला, शाळा झाल्या, नाट्यगृहसुद्धा झालं. एका साच्यातली घरांची रांग फतहींना मान्य नव्हती. कुटुंबागणिक घर वेगळं, गल्ली वळणाची, प्रत्येकाला अंगण. फोटो बघाल तर तिथे राहायला जावंसं वाटेल.

गुर्न्याच्या लोकांना तसं वाटलं नाही. टेकडीवरून उठायचं म्हणजे पोटावर पाय. काही जणांनी तर बांध फोडून नव्या गावात पाणी सोडलं! सरकारी खात्यांचं आणखी वेगळं. भुसा वेळेवर येत नव्हता, पैसे अडकत होते, एका कागदाला महिने लागत होते. नऊशे कुटुंबांचं गाव व्हायचं होतं, त्याचा छोटासा तुकडाच उभा राहिला आणि १९४८ नंतर काम थंडावलं.

दोष लोकांच्या लोभाचा आणि खात्यांच्या ढिलाईचा, असं म्हणून मोकळं होता येतं. फतहींची बाजू मांडणारे बरेचदा तेच म्हणतात. मला ते पुरेसं वाटत नाही. त्या भागात घुमट बांधतात तो संताच्या कबरीवर. म्हणजे कबरींवरून उठवलेल्या माणसांना कबरीसारखं दिसणारं घर देऊ केलं गेलं. दुसरं कारण तर तुम्हीही सांगाल. आपल्याकडे गावातल्या स्लॅबवर सळया उभ्या का सोडतात? मुलाचं लग्न झालं की वर मजला चढवायचा असतो. घुमटावर मजला चढत नाही. न्यू गुर्न्यात नंतर जे राहायला आले त्यांनी एकेक करून फतहींची घरं पाडली आणि कॉन्क्रीटचे खांब उभे केले. ती माणसं अडाणी नव्हती, त्यांना नातवंडांची सोय लावायची होती.

फतहींच्या बाजूची गोष्ट अशी की हे अपयश त्यांनी लपवलं नाही. १९५७ मध्ये ते अथेन्सला एका मोठ्या नियोजन संस्थेत काम करायला निघून गेले आणि काही वर्षांनी परतले. १९६९ मध्ये गुर्न्याच्या सगळ्या कथेचं पुस्तक निघालं, हिशेबासकट, भांडणांसकट. १९७३ ला तेच शिकागोहून ‘आर्किटेक्चर फॉर द पुअर’ या नावाने आलं आणि जगभरच्या आर्किटेक्चर कॉलेजांत पोचलं. अर्धवट राहिलेल्या गावाचं पुस्तक त्यांच्या पूर्ण झालेल्या इमारतींपेक्षा जास्त गाजलं.

१९८० मध्ये, वयाच्या ऐंशीव्या वर्षी, ते दोन नुबियन गवंडी घेऊन अमेरिकेत न्यू मेक्सिकोतल्या आबिक्यू इथे पोचले. सहा हजार फुटांवरचं वाळवंट. दिवसा कडक ऊन आणि हिवाळ्यात बर्फ. तिथे एका मुस्लिम वसाहतीसाठी मशीद बांधायची होती. गंमत म्हणजे त्या मुलखात कच्च्या विटांची घरं शतकानुशतकं आहेत, गिलावा देण्याचं काम तिथेही परंपरेने बायकांचं. कच्च्या विटेला ते अडोबे म्हणतात. हा शब्द अरबीतल्या ‘अल-तूब’ वरून स्पेनमार्गे तिकडे गेला, आणि त्याचं मूळ प्राचीन इजिप्शियन भाषेत आहे. शब्द आधीच पोचला होता. पण तिथली छतं सपाट, गोल ओंडक्यांवर टाकलेली. ओंडक्याशिवायचं छत शिकवायला फतही आले.

मशीद आणि शाळा उभी राहिली, घरांचं गाव तिथेही झालं नाही. बर्फाळ वाळवंटात मातीच्या छताची कसोटी वेगळी असते. फटीत शिरलेलं पाणी रात्री गोठून फुगतं आणि माती सुटते. मग वाटतं, वर सिमेंट थापून टाकावं. त्याच भागातल्या रांचोस दे ताओस इथल्या जुन्या मातीच्या चर्चला १९६७ मध्ये तेच केलं गेलं. कडक सिमेंटला तडे गेले, आत शिरलेल्या पाण्याला बाहेर पडायला वाट राहिली नाही आणि आतली भिंत भिजत राहिली. पुढच्या दशकाच्या अखेरीला सिमेंट खरवडून पुन्हा मातीचा गिलावा दिला. आता गावकरी तो दरवर्षी नवा करतात. गावच्या मातीच्या भिंतीला सिमेंटचं प्लास्टर केलेलं असेल तर खालच्या बाजूला पोपडे सुटलेले दिसतील. कारण बहुतेक वेळा हेच.

फतही ३० नोव्हेंबर १९८९ ला कैरोत गेले. किल्ल्याजवळच्या गल्लीतल्या एका जुन्या घरात ते मांजरांच्या सोबतीने राहत होते. पश्चिम आफ्रिकेत बुर्किना फासोमध्ये जंगल संपत आल्यामुळे छताला लाकूड मिळेनासं झालं. तिथे २००० सालापासून एक संस्था स्थानिक शेतकऱ्यांना नुबियन छत घालायला शिकवते आहे. तिथल्या गवंड्यांनी एक बदल केला. कमानीच्या दोन्ही कुशी मातीने भरून घेतल्या आणि वरून गच्ची सपाट केली. उन्हाळ्यात लोक तिच्यावर झोपतात, आणि मुलाचं लग्न ठरलं की वर मजलाही चढवता येतो.