प्रेम माथुर : आठ नकारांनंतरचे उड्डाण

भारतातील पहिल्या महिला व्यावसायिक वैमानिक म्हणून प्रेम माथुर यांचे नाव इतिहासात नोंदले गेले आहे. मात्र, परवाना हाती असूनही कॉकपिटचे दार उघडण्यासाठी त्यांना दीर्घ संघर्ष करावा लागला.

भारतीय महिलांना आकाश तोवर अपरिचित राहिले नव्हते. ऊर्मिला पारीख यांनी १९३२ मध्ये वैमानिकाचा परवाना मिळवला होता, तर सरला ठकराल यांनी १९३६ मध्ये लाहोर येथे एकटीने विमान चालवले होते. ठकराल यांना व्यावसायिक परवानाही हवा होता. परंतु दुसऱ्या महायुद्धामुळे नागरी प्रशिक्षण थांबले आणि त्यांचे स्वप्न अपुरे राहिले.

ते प्रत्यक्षात आणले प्रेम माथुर यांनी. अलाहाबाद येथील फ्लाइंग क्लबमध्ये प्रशिक्षण घेऊन त्यांनी १९४७ मध्ये व्यावसायिक परवाना प्राप्त केला. १९४९ मध्ये राष्ट्रीय हवाई शर्यतही त्यांनी जिंकली. तरीही नोकरीच्या शोधात आठ विमान कंपन्यांकडून त्यांच्या पदरी नकारच आला. विमान एक महिला चालवत आहे हे कळल्यास प्रवासी धास्तावतील, अशी सबब त्यासाठी पुढे करण्यात आली.

अखेर हैदराबादच्या डेक्कन एअरवेजने त्यांना संधी दिली. निझाम सरकार आणि टाटा यांच्या भागीदारीतून १९४५ मध्ये ही कंपनी स्थापन झाली होती. मराठवाडा तेव्हा हैदराबाद संस्थानाचाच भाग होता. माथुर यांनी सहवैमानिक म्हणून उड्डाणे केली. विमानाची संपूर्ण सूत्रे आपल्याकडे असावीत, ही त्यांची मागणी मात्र कंपनीने मान्य केली नाही. पुढे दिल्लीत त्यांनी उद्योगपती घनश्यामदास बिर्ला यांच्या खासगी विमानाचे सारथ्य केले.

१९५३ मध्ये राष्ट्रीयीकरण होऊन डेक्कन एअरवेज इंडियन एअरलाइन्समध्ये विलीन झाली. त्या सरकारी कंपनीत दुर्बा बॅनर्जी यांच्या रूपाने महिला वैमानिक रुजू होण्यास १९६६ साल उजाडले. १९८५ मध्ये कॅप्टन सौदामिनी देशमुख यांच्या नेतृत्वाखाली सर्व महिला कर्मचारी असलेले विमान कोलकात्याहून सिल्चरला गेले. माथुर यांना नाकारलेले आसन तेव्हा एका मराठी महिलेकडे होते.

प्रेम माथुर यांचे १९९२ मध्ये निधन झाले. आज भारतातील वैमानिकांमध्ये महिलांचे प्रमाण सुमारे १५ टक्के असून ते जागतिक सरासरीच्या जवळपास तिप्पट आहे. प्रवासी धास्तावतील ही भीती निराधार होती, हे काळानेच सिद्ध केले.