कव्हरवर हिरोईन, आत हंटर : 'फिल्मइंडिया'वाले बाबूराव पटेल

मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसची लाँच पकडायची म्हणजे थोडा वेळ थांबणं आलंच. लाँच लागेपर्यंत लोक चहा घेतात, शेंगदाण्याची पुडी घेतात. आता सोबतीला हातात मोबाईल असतो.

पण समजा, साल १९४० आहे. अलिबाग तालुक्यातला एखादा चाकरमानी सुट्टीला रेवसमार्गे गावी निघालाय. धक्क्याकडे येताना वाटेत मासिकांचं दुकान लागतं. दोरीला दहा-बारा मासिकं टांगलेली. बोट सुटायची घाई. यातलं कुठलं उचलायचं, हे ठरवायला त्याच्याकडे किती वेळ आहे? फार तर चार-पाच सेकंद.

तेवढ्या वेळात आतला मजकूर कुणी वाचत नाही. दिसतं ते फक्त कव्हर.

आज यूट्यूबवर थंबनेल बनवणाऱ्या प्रत्येकाला हे गणित माहीत आहे. सिनेमाच्या मासिकांच्या धंद्यात ते फार लवकर ओळखणारा एक माणूस आपल्याकडे होऊन गेला. त्याचं नाव बाबूराव पटेल.

पालघरजवळच्या मासवणमधून आलेला माणूस

बाबूरावांचा जन्म ४ एप्रिल १९०४ चा, पालघरजवळच्या मासवण गावातला. तेव्हा हा भाग ठाणे जिल्ह्यात होता. शाळा-कॉलेजात काही त्यांचं मन रमलं नाही. पण वाचन दांडगं आणि इंग्रजीवर हुकूमत अशी की पुढे भल्याभल्या पदवीधरांना घाम फुटला.

विशीत ते मुंबईच्या सिनेमाच्या दुनियेत शिरले. मूकपटांचा जमाना होता. आधी सिनेमावरच्या पत्रकारितेत हात मारला, मग दिग्दर्शनात. १९२९ साली त्यांनी 'किस्मत' नावाचा मूकपट केला. बोलपट आल्यावर 'महानंदा', 'बाला जोबन' असे काही चित्रपटही केले. पण दिग्दर्शक म्हणून नाव व्हावं असं काही घडलं नाही.

या वर्षांत एक गोष्ट मात्र त्यांनी जवळून पाहिली. सिनेमाचा धंदा कसा चालतो, पैसा कुठून येतो आणि प्रेक्षक कशाला भुलतो.

१९३५ साली त्यांनी 'फिल्मइंडिया' हे इंग्रजी मासिक काढलं. जोडीला होते न्यू जॅक प्रिंटिंग प्रेसचे डी. के. पारकर. संपादकाला छापखानेवाला भागीदार मिळाला, हे फार महत्त्वाचं होतं. कारण त्या काळात कव्हर चांगलं निघणार की वाईट, याचा अर्धा फैसला छापखान्यातच व्हायचा.

फोटो सोडून चित्र का?

'फिल्मइंडिया'चे जुने अंक आजही संग्राहक शोधत असतात ते त्यांच्या हातानं रंगवलेल्या कव्हरांसाठी. प्रश्न असा पडतो की नट-नट्यांचे फोटो तर स्टुडिओत ढिगानं असायचे. मग चित्रकाराला कशाला पैसे मोजायचे?

कारण साधं होतं. तेव्हा फोटो असायचे कृष्णधवल. ते बारीक ठिपक्यांच्या ब्लॉकवरून छापले जायचे. कागद जरा साधा असला की चेहरा राखाडी आणि मळकट दिसायचा. रंगीत फोटो काढून तो रंगीत छापणं हे फार खर्चिक काम होतं.

चित्रकाराच्या हातात मात्र सगळं असायचं. तो फोटो समोर ठेवून मागची गर्दी काढून टाकायचा. तिथे एकच सपाट, भडक रंग भरायचा. डोळ्यांत चमक आणायचा, ओठ लाल करायचा. मासिकाचं नाव बसेल एवढी जागा वर मोकळी सोडायचा.

शिवाय छपाईत पिवळा, लाल, निळा, काळा असे रंग एकावर एक, वेगवेगळ्या ब्लॉकनं चढायचे. एखादा ब्लॉक जरा सरकला तरी ओठांचा रंग गालावर. त्यामुळे बारीक कलाकुसरीपेक्षा मोठे, ठळक आकार सोयीचे. असं कव्हर लांबून उठून दिसायचं आणि छपाईतही टिकायचं.

हे काम 'फिल्मइंडिया'साठी ज्यांनी गाजवलं ते एस. एम. पंडित. मूळचे गुलबर्ग्याचे, जन्म १९१६ चा. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेले. सुरुवातीला मेट्रो थिएटरसाठी ते हॉलिवूडच्या चित्रपटांची शोकार्डं रंगवायचे. शोकार्ड म्हणजे थिएटरच्या आवारात लावायचं चित्र. फुटपाथवरून चालणाऱ्या माणसाला थांबवायचं आणि तिकीट खिडकीकडे वळवायचं, एवढंच त्याचं काम.

तीच युक्ती पंडितांनी कव्हरवर आणली. एका कव्हरवर बहुतेक वेळा एकच चेहरा, आणि तोही जवळून दिसणारा. नायिकेची नजर बघणाऱ्याकडे किंवा कुठेतरी स्वप्नात हरवलेली. माणसाचा डोळा आधी माणसाचा चेहरा शोधतो आणि चेहऱ्यात आधी डोळे. दहा मासिकांच्या गर्दीत जे चेहरे आपल्याकडे बघतात, तिथेच नजर अडते. पंडित पुढे पोस्टर आणि देवादिकांच्या कॅलेंडरांसाठी घराघरांत पोचले, पण हा हात बसला तो या सिनेमाच्या कामावर.

मासिकाचं नावही बघा. 'फिल्म' आणि 'इंडिया' हे दोन शब्द जोडून एकच शब्द केला. छोटा, सुटसुटीत, लांबून वाचता येईल असा. चेहरा दर महिन्याला बदलायचा, नाव मात्र तेच. त्यामुळे या महिन्याची नायिका ओळखीची नसली तरी मासिक ओळखीचं वाटायचं.

हातात धरून मिरवायचं मासिक

कव्हरचं काम दुकानात संपत नाही. विकत घेतल्यावर ते मासिक माणूस चारचौघांत घेऊन फिरतो. देव आनंद यांनी आपल्या लाहोरच्या कॉलेजच्या दिवसांची आठवण सांगताना म्हटलं होतं की तिथली पोरं पुस्तकांसोबत 'फिल्मइंडिया' हातात बाळगायची. म्हणजे मुंबईत छापलेलं कव्हर लाहोरच्या कॉलेजात स्टाईलची खूण बनलं होतं. प्रत्येक विकत घेणारा फुकटात जाहिरात करत होता.

आपला रेवसचा चाकरमानी आठवा. लाँचमध्ये त्यानं अंक उघडला की समोरच्या बाकावरच्यांना दिसणार ते कव्हर. गावी पोचल्यावर इंग्रजी न येणारी माणसंही अंक हातात घेऊन बघणार ते कव्हरच. वाचक एक, बघणारे वीस.

आत मात्र हंटर

कव्हर बघून कुणाला वाटेल की आत नट-नट्यांचं कौतुक असेल. तिथेच बाबूरावांनी लोकांना चकवलं.

आत त्यांची परीक्षणं असायची आणि ती चाबकासारखी लागायची. १९४४ साली 'ज्वार भाटा' आला. त्यातल्या नव्या हिरोची बाबूरावांनी पार सालटी काढली. दिसायला अशक्त, अभिनय नावालाही नाही, असा त्यांचा निकाल. त्या हिरोचं नाव दिलीपकुमार. पुढे काय झालं हे सगळ्यांना माहीत आहे.

'जूडास' या टोपणनावानं ते सिनेसृष्टीतल्या आतल्या गोष्टी लिहायचे. वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं देणारं त्यांचं सदर तर इतकं लोकप्रिय होतं की कित्येक जण आधी तेच पान उघडायचे. उत्तरं खवचट, कधी विनोदी, कधी सरळ अपमान करणारी. नट्यांच्या दिसण्यावर, खासगी आयुष्यावर त्यांनी जे लिहिलं त्यातलं बरंचसं आज कुणी छापायला धजावणार नाही.

आता खरी गोम इथे आहे. कव्हरवरची नायिका अनेकदा येऊ घातलेल्या चित्रपटाच्या प्रचाराचा भाग असायची. निर्मात्यांना ती जागा हवी असायची, कारण अख्ख्या देशात तिच्यापेक्षा चांगली जाहिरात नव्हती. म्हणजे निर्मात्याचा चेहरा बाहेर आणि त्याच निर्मात्याच्या चित्रपटाची चिरफाड आत, असंही होऊ शकत होतं. ज्यांची जाहिरात छापायची त्यांच्यावरच लिहायचं, तर लेखणी किती मोकळी राहणार, हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला. बाबूरावांचे लाडके आणि नावडते ठरलेले असतात, हा आरोप त्यांच्यावर कायम झाला. प्रभातच्या व्ही. शांताराम यांना आधी डोक्यावर घेणारे बाबूराव पुढे त्यांच्यावरच तुटून पडले.

तरी वाचक टिकून राहिला. कव्हर गोड आणि आतला घास तिखट, हीच या मासिकाची चव होती. कव्हर बघून पहिला अंक घेतला जायचा. दुसरा अंक घेतला जायचा तो बाबूराव या महिन्यात कुणाला धरणार हे बघायला.

जे कव्हरला जमलं नाही

या ताकदीची मर्यादाही बाबूरावांनी स्वतःच अनुभवली. गायिका सुशीला राणी त्यांच्या आयुष्यात आल्या, पुढे दोघांनी लग्न केलं. सुशीला राणींना नायिका करून बाबूरावांनी 'द्रौपदी' (१९४४) आणि 'ग्वालन' (१९४६) हे चित्रपट दिग्दर्शित केले. देशातलं सर्वांत गाजलेलं सिनेमासिक हाताशी असूनही दोन्ही चित्रपट पडले. चार-पाच सेकंदांसाठी नजर खेचता येते. अडीच तास खुर्चीत बसवायला सिनेमाच चांगला लागतो. सुशीला राणींनी मात्र पुढे शास्त्रीय गायनात नाव कमावलं आणि मासिकाच्या कामातही त्या बाबूरावांसोबत राहिल्या.

१९५० नंतर काळ बदलला. १९५१ मध्ये 'स्क्रीन' साप्ताहिक आलं, १९५२ मध्ये 'फिल्मफेअर'. मोठ्या वृत्तपत्रसमूहांचा पैसा आणि छपाई त्यांच्या मागे होती. रंगवलेल्या कव्हरांची जागा हळूहळू फोटो घेऊ लागले. त्यातली नटी वाचकाला जास्त खरी, जास्त जवळची वाटायची.

बाबूरावांचं लक्षही सिनेमातून उडत चाललं होतं. राजकारणावरचं लिखाण वाढलं, भाषा आणखी जहाल झाली. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला 'फिल्मइंडिया' बंद झालं आणि त्याची जागा 'मदर इंडिया' या राजकीय मासिकानं घेतली. १९६७ मध्ये ते मध्य प्रदेशातल्या शाजापूरमधून जनसंघाच्या तिकिटावर लोकसभेत निवडून गेले. १९८२ साली त्यांचं निधन झालं.

'मदर इंडिया'लाही वाचक होते, संपादक तोच होता, लेखणीही तीच होती. पण कव्हर बघून थबकणारा, सिनेमाच्या ओढीनं अंक उचलणारा तो जुना वाचक त्यांच्याकडे परत आला नाही. त्याला बोलवायला कव्हरवर आता ती नायिका नव्हती.

रेवसच्या लाँचमध्ये आता मासिक क्वचितच कुणाच्या हातात दिसतं. माना खाली, अंगठे स्क्रीनवर. पण अंगठा थांबतो तो आजही एखाद्या मोठ्या चेहऱ्यावर, आपल्याकडे रोखलेल्या डोळ्यांवर आणि मागच्या एका भडक रंगावर. त्यावर टॅप केल्यावर आत काही निघतं की नाही, हे मात्र पंडितांच्या हातात नव्हतं. ते काम बाबूरावांचं होतं.