अष्टकोनी चिन्हामागचा नोकरदार

पुण्याच्या रस्त्यांवर २०१९ नंतर एक अष्टकोनी चिन्ह दिसू लागले. अष्टकोनात एम आणि जी ही दोन अक्षरे असलेल्या या गाड्या गुजरातेतील हालोल येथे तयार होतात. कंपनीची मालकी चिनी आणि भारतीय भांडवलात वाटलेली आहे. आणि गाड्या बहुधा उंच, भरभक्कम, सहकुटुंब प्रवासाच्या असतात. ज्या गाडीमुळे हे चिन्ह जगभर पोहोचले, ती मात्र दोन माणसांपुरती, जमिनीलगत धावणारी, उघड्या टपाची चिमुकली गाडी होती. अक्षरांचा अर्थ मॉरिस गराजेस. म्हणजे नाव मॉरिस यांचे. परंतु कल्पना, कष्ट आणि दृष्टी ज्यांची होती त्या सेसिल किंबर यांचे नाव ना चिन्हात आहे, ना कंपनीच्या भागधारकांच्या यादीत कधी महत्त्वाचे होते. पगारावर काम करणाऱ्या माणसाने निर्माण केलेली वस्तू कोणाची, हा प्रश्न अर्थशास्त्राच्या पुस्तकांतून सहसा एका परिच्छेदात निकालात निघतो. किंबर यांच्या आयुष्यात तो पुरी वीस वर्षे चालला.

१२ एप्रिल १८८८ रोजी लंडनमध्ये त्यांचा जन्म झाला. वडिलांचा छपाईच्या शाईचा व्यवसाय होता आणि त्यानिमित्ताने कुटुंब उत्तरेस मँचेस्टरच्या परिसरात गेले. शाळा सुटल्यावर मुलाने वडिलांच्या धंद्यात शिरावयाचे, हे ठरलेलेच होते, सेसिलही शिरले. त्यांचे मन मात्र मोटरसायकलीवर होते. १९१० च्या सुमारास झालेल्या अपघातात उजव्या पायाची हाडे अशी चुरली, की पाय कापावा लागतो की काय अशी वेळ आली. पाय वाचला, पण आखूड झाला आणि लंगडणे जन्माचे मागे लागले. नुकसानभरपाई म्हणून मिळालेल्या पैशांतून त्यांनी सिंगर कंपनीची लहान मोटर घेतली. वडिलांचा धंदा तेव्हा अडचणीत आला होता आणि हा पैसा तेथे गुंतवावा अशी त्यांची अपेक्षा होती. मुलाने नकार दिला. पितापुत्रांचे संबंध तुटले ते कायमचेच. बुडत्या धंद्यात भांडवल न घालणे हे व्यवहारास धरून होते खरे. त्याची किंमत हिशेबाच्या वहीत मांडता येण्यासारखी नव्हती.

पायामुळे पहिल्या महायुद्धात त्यांना सैन्यात जाता आले नाही. त्या काळात शेफील्ड-सिंप्लेक्स, ए. सी. आणि पुढे बर्मिंगहॅमची रिग्ली अशा एकामागून एक कंपन्यांत त्यांनी नोकऱ्या केल्या. १९१५ मध्ये आयरीन हंट यांच्याशी विवाह झाला. रिग्लीमध्ये त्यांनी स्वतःचा पैसाही गुंतवला आणि युद्धोत्तर मंदीत तो बुडाला. यानंतर आयुष्यभर ते दुसऱ्याच्या भांडवलावर काम करणारे व्यवस्थापकच राहिले.

१९२१ मध्ये ते ऑक्सफर्डच्या मॉरिस गराजेसमध्ये विक्री-व्यवस्थापक म्हणून रुजू झाले आणि पुढच्याच वर्षी मुख्य व्यवस्थापकाची जागा रिकामी झाल्यावर तेथे बसले. विल्यम मॉरिस हे गृहस्थ सायकली दुरुस्त करता करता मोटरींच्या कारखान्यापर्यंत पोहोचलेले. मंदीने ग्राहक पळाले असता १९२१ च्या फेब्रुवारीत त्यांनी आपल्या चार आसनी मोटरीची किंमत एकदम १०० पौंडांनी उतरवली आणि विक्री वाढवून दाखवली. मागणीची लवचीकता शिकविताना आजही वर्गात सांगावा असा हा दाखला. अशा मालकाच्या विक्री आणि दुरुस्तीच्या दुकानाची धुरा किंबर यांच्याकडे आली. येथे एक बारकावा ध्यानात ठेवला पाहिजे: मॉरिस गराजेस हे मॉरिस मोटर्स या कंपनीहून वेगळे, मॉरिस यांच्या खाजगी मालकीचे होते. किंबर यांना जे स्वातंत्र्य लाभले आणि पुढे जे गमवावे लागले, त्याचे मूळ या मालकीच्या रचनेत आहे.

दुकानदाराने दुकान चालवावे. किंबर यांनी गाड्या घडवावयास घेतल्या. साधी मॉरिस गाडी घ्यावयाची, तिच्या कमानी सपाट करून सांगाडा खाली आणावयाचा, बाहेरच्या कारागिरांकडून त्यावर देखणी दोन आसनी काया चढवावयाची आणि थोड्या अधिक किमतीस विकावयाची, अशी सुरुवात होती. १९२३ च्या लंडन ते लँड्स एंड या कसोटीत अशाच गाडीने त्यांनी सुवर्णपदक मिळवले. १९२४ च्या सुमारास जाहिरातींतून अष्टकोन झळकू लागला. तो रेखाटला टेड ली नावाच्या हिशेबनिसाने! चित्रकार नव्हे, सल्लागार संस्था नव्हे; जमाखर्च सांभाळणाऱ्या एका तरुणाने पट्टी घेऊन काढलेली ती आकृती शंभर वर्षे टिकली आहे. कारकुनी कामास तुच्छ लेखणाऱ्यांनी याची नोंद घ्यावयास हरकत नाही.

किंबर यांच्या कर्तृत्वाचा गाभा मात्र १९२८ च्या ऑलिंपिया प्रदर्शनात लोकांपुढे आला. मॉरिस यांनी त्या साली मायनर ही ८४७ घन सेंटिमीटर इंजिनाची स्वस्त, लहान गाडी आणली होती. किंबर यांनी तिचाच सांगाडा आणि इंजिन घेतले, लाकडी चौकटीवर कापड ताणून होडीसारखी निमुळत्या शेपटीची हलकी काया करवून घेतली आणि तिला मिजेट, म्हणजे बुटकी, असे नाव दिले. किंमत १७५ पौंड. तोवर क्रीडामोटर ही जहागीरदारांची आणि गिरणीमालकांच्या चिरंजिवांची वस्तू होती. बेंटलीसारखी गाडी घ्यावयाची तर घराची किंमत मोजावी लागे. वेगाचा, वाऱ्याचा आणि वळणावर गाडी अंगासरशी वळण्याचा आनंद मध्यमवर्गीय नोकरदाराच्या आवाक्यात आला तो या मिजेटमुळे. जगभर मंदी पसरत असतानाही १९३२ पर्यंत अशा ३,२३५ गाड्या तयार झाल्या. हा आकडा आज किरकोळ वाटेल. त्या काळच्या क्रीडामोटरींच्या मानाने तो मोठा होता.

हे साधले कशाने? नवे इंजिन बनवावयाचे तर त्याचे आराखडे, साचे, यंत्रे यांवर प्रचंड स्थिर खर्च येतो आणि तो थोड्या गाड्यांवर वाटला, की किंमत आभाळास भिडते. किंबर यांनी हा खर्च स्वतःच्या गाडीवर येऊच दिला नाही. हजारोंनी विकल्या जाणाऱ्या साध्या गाडीने तो आधीच सोसलेला होता. त्यांनी भर घातली ती फक्त रूपाची, तोलाची आणि बारीकसारीक जुळणीची. म्हणजे जेथे खर्च कमी आणि ग्राहकाच्या मनावर परिणाम अधिक, तेथे. सुट्या भागांचे कारखाने आजूबाजूला असणे ही याची पूर्वअट होय. पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांशेजारी राहणाऱ्या वाचकास हे समजावून सांगावयास नको. आपल्याकडे इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णी यांनी १९४९ मध्ये छोटी मोटर तयार केली होती आणि ‘मीरा’ या नावाने तिच्या सुधारित आवृत्त्या १९७० नंतरही काढल्या. प्रतिभा तेथेही होती. पण भोवती तयार भागांचा बाजार नव्हता आणि परवाना हाती पडल्यावाचून उत्पादन करता येत नव्हते. मीरा बाजारात कधी आलीच नाही. किंबर इचलकरंजीत असते तर त्यांचेही काही निराळे झाले नसते.

१९२९ च्या अखेरीस कारखाना ऑक्सफर्डजवळच्या अ‍ॅबिंग्डन गावी गेला, १९३० मध्ये स्वतंत्र कंपनी नोंदली गेली आणि किंबर तिचे व्यवस्थापकीय संचालक झाले. पुढील पाच वर्षे त्यांच्या आयुष्यातील भरतीची. १९३१ च्या फेब्रुवारीत जॉर्ज आयस्टन यांनी फ्रान्समधील माँलेरीच्या मार्गावर ७५० घन सेंटिमीटरहून लहान इंजिनाच्या एम. जी. वर ताशी १०० मैलांची मर्यादा ओलांडली. इतक्या लहान इंजिनाने हे पूर्वी कधीच साधले नव्हते. त्याच वर्षी ब्रुकलँड्सच्या दोन दिवसांच्या शर्यतीत पहिले पाचही क्रमांक एम. जी. ने घेतले. १९३३ मध्ये इटलीच्या मिले मिलिया शर्यतीत के-थ्री या गाड्यांनी आपल्या गटात पहिले दोन क्रमांक आणि सांघिक पारितोषिक मिळवले, आणि तात्सिओ नुव्होलारी या श्रेष्ठ इटालियन चालकाने त्याच जातीच्या गाडीवर अल्स्टरची शर्यत जिंकली.

कीर्ती झाली, नफा मात्र त्या मानाने झाला नाही. हे नाकारण्यात अर्थ नाही. शर्यतीच्या गाड्या थोड्या, महाग आणि कटकटीच्या; ग्राहकांसाठी काढलेल्या नमुन्यांची संख्याही इतकी वाढली, की समान भागांच्या वापराचे जे तत्त्व किंबर यांनी स्वतःच सिद्ध केले होते, त्याचा त्यांनाच विसर पडू लागला. मॉरिस, जे १९३४ मध्ये लॉर्ड नफील्ड झाले, त्यांना शर्यतींचे फारसे प्रेम कधीच नव्हते. १९३५ मध्ये त्यांनी आपल्या खाजगी मालकीच्या कंपन्यांची फेरमांडणी केली आणि एम. जी. ही मॉरिस मोटर्सला विकून टाकली. तेथील कारभारी लेनर्ड लॉर्ड यांनी शर्यत-विभाग बंद केला आणि आराखड्यांची कचेरी काउली येथे हलवली. किंबर पदावर राहिले, पण आपली गाडी कशी असावी हे ठरविण्याचा अधिकार आता दुसऱ्या गावी गेला होता. ज्याने विकले त्याची ती मालमत्ता होती, हे कायद्याने निर्विवाद. विकताना ज्याला विचारावयास हवे होते त्याचे नाव कागदावर नव्हते.

तथापि १९३६ पासूनची टी मालिकेची मिजेट ही याच मर्यादित अधिकारांच्या काळातली होय, आणि ती पूर्वीच्या पुष्कळ नमुन्यांहून सरस व्यवहाराची ठरली. तिच्या १९३९ च्या सुधारित रूपातील इंजिन मॉरिस टेन या सामान्य कौटुंबिक गाडीच्या इंजिनाचेच भावंड होते. तीच मॉरिस टेन आपल्याकडे हिंदुस्थान टेन म्हणून आली. आपल्या वडीलधाऱ्यांना ठाऊक असलेली ती गरीब गाडी आणि अमेरिकन तरुणांस वेड लावणारी मिजेट यांचे रक्त एकच आहे, हे सांगूनही पटू नये!

दुसरे महायुद्ध सुरू झाले आणि मोटरींचे उत्पादन थांबले. हजारो हात रिकामे बसू नयेत म्हणून किंबर यांनी कामाचा शोध घेतला आणि अल्बमार्ल या विमानाच्या पुढील भागाचे काम वरिष्ठांच्या पूर्वसंमतीवाचून अ‍ॅबिंग्डनसाठी मिळवले. काम अवघड होते व ते कारखान्याने उत्तम पार पाडले. परंतु संमती घेतली नव्हती. नफील्ड समूहाचे उपाध्यक्ष माइल्स थॉमस यांनी १९४१ च्या नोव्हेंबरात त्यांना राजीनामा द्यावयास सांगितले. वीस वर्षांच्या सेवेचा शेवट असा एका भेटीत झाला. मोठ्या संघटनेस शिस्त लागते, आणि प्रत्येक कारखान्याने आपापली कंत्राटे आणावयाची ठरवले तर युद्धकाळात गोंधळ माजेल, हा थॉमस यांच्या बाजूचा मुद्दा अगदीच पोकळ नव्हता. पण ज्या स्वयंप्रेरणेवर ही कंपनी उभी राहिली, तीच अखेर अपराध ठरली.

त्यानंतर त्यांनी प्रथम चार्ल्सवर्थ आणि मग स्पेशलॉइड या पिस्टन बनविणाऱ्या कंपनीत नोकरी धरली. ४ फेब्रुवारी १९४५, रविवार. लंडनच्या किंग्ज क्रॉस स्थानकातून संध्याकाळी सहाच्या लीड्स गाडीत ते बसले. स्थानकाबाहेरील बोगद्यात चढ होता आणि रूळ नुकतेच बदललेले. इंजिनाची चाके जागच्या जागी फिरू लागली, काळोखात गाडी हळूहळू उलट घरंगळत मागे आली आणि शेवटचा डबा सिग्नलच्या कमानीवर आदळून चिरडला. दोन प्रवासी दगावले. त्यांपैकी एक किंबर. वय ५६.

युद्ध संपताच, त्याच वर्षाच्या अखेरीस, त्यांच्या मिजेटची टी. सी. ही आवृत्ती बाजारात आली. परकीय चलनासाठी इंग्लंडला निर्यात हवी होती आणि निर्यात करणाऱ्यासच पोलाद मिळत होते. १९४९ पर्यंत सुमारे १०,००० टी. सी. गाड्या बनल्या व त्यांतील सुमारे दोन हजार अमेरिकेत गेल्या. युद्धावरून परतलेल्या अमेरिकनांना लहान ब्रिटिश क्रीडामोटरीची गोडी लागली ती येथून. ट्रायम्फ, ऑस्टिन-हिली आदी मंडळींस ती बाजारपेठ आयतीच मिळाली. १९६२ साली आलेली एम. जी. बी. तर पाच लाखांवर खपली.

ज्यांना गाडी परवडत नव्हती त्यांच्यासाठी खेळणे होते. लिव्हरपूलच्या मेकॅनो कंपनीने १९३४ पासून डिंकी या नावाने विकलेल्या धातूच्या प्रतिकृतींत एम. जी. मिजेट होती, पुढे एम. जी. बी. आली. १९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीस डिंकीचे काही साचे कलकत्त्यास आले आणि निकी टॉइज या नावाने जॅग्वार व एम. जी. बी. येथे ओतल्या जाऊ लागल्या. आयात खेळण्यांना मज्जाव असलेल्या त्या काळात ज्या भारतीय मुलांच्या हाती त्या पडल्या, त्यांतील काही आज त्यांचे संग्राहक आहेत, आणि रंग उडालेल्या निकीसाठी ते मोजतात ती रक्कम ऐकून घरची माणसे गप्प होतात.

लिव्हरपूलचा डिंकीचा कारखाना १९७९ च्या नोव्हेंबरात बंद झाला, अ‍ॅबिंग्डनचा १९८० च्या ऑक्टोबरात. त्यानंतर चिन्हाचे मालक अनेकदा बदलले. १९३० मध्ये स्थापन झालेला एम. जी. गाड्यांच्या चाहत्यांचा क्लब मात्र चालू आहे. त्याची कचेरी अ‍ॅबिंग्डनमध्येच, जुन्या कारखान्यालगत आहे आणि त्या वास्तूस किंबर हाउस असे नाव दिलेले आहे.