करदात्यांच्या हक्काचा पहारेकरी : सर फिरोजशहा मेहता

शहराच्या तिजोरीतील पैसा कोणी, कशावर आणि कोणाला विचारून खर्च करायचा, हा वाद मुंबईला नवा नाही. १८७१ मध्ये याच प्रश्नावरून शहरातील करदाते खवळले होते. त्या गदारोळात अवघ्या २६ वर्षांच्या एका बॅरिस्टरने मांडलेला विचार पुढे मुंबईच्या नागरी स्वराज्याचा पाया ठरला. ते बॅरिस्टर म्हणजे फिरोजशहा मेहता.

मुंबईतील पारशी व्यापारी कुटुंबात ४ ऑगस्ट १८४५ रोजी त्यांचा जन्म झाला. १८६४ मध्ये एल्फिन्स्टन कॉलेजातून पदवी घेतल्यानंतर रुस्तमजी जमशेटजी जीजीभाई यांच्या अर्थसाह्यावर ते कायद्याच्या शिक्षणासाठी इंग्लंडला गेले. अमेरिकेतील यादवी युद्ध संपताच १८६५ मध्ये मुंबईचा कापूस आणि शेअर बाजार कोसळला. त्यात रुस्तमजींचीही दौलत बुडाली आणि मदत थांबली. तरीही शिक्षण पूर्ण करून १८६८ मध्ये ते बॅरिस्टर म्हणून मायदेशी परतले.

तेव्हा मुंबईचा कारभार १८६५ च्या कायद्याने चालत होता. सरकारने नेमलेले 'जस्टिस ऑफ द पीस' ही पालिका, तर अंमलबजावणीचे जवळपास सर्व अधिकार आयुक्तांच्या हाती, अशी ही रचना होती. पहिले आयुक्त आर्थर क्रॉफर्ड कर्तबगार, पण हात सैल सोडणारे होते. गटारे, रस्ते, स्वच्छता, मंडया या कामांचा त्यांनी सपाटा लावला. आजची महात्मा जोतिबा फुले मंडई, म्हणजेच जुने क्रॉफर्ड मार्केट, १८६९ मध्ये पूर्ण झाले ते त्यांच्याच काळात. मात्र खर्च मंजुरीच्या पलीकडे गेला, पालिका आर्थिक अडचणीत आली आणि मंदीने पोळलेल्या घरमालकांवर करांचा बोजा वाढला. जेम्स फोर्ब्स यांच्या पुढाकाराने करदात्यांचे आंदोलन उभे राहिले. १८७१ मध्येच क्रॉफर्ड यांना पद सोडावे लागले.

या वेळी फिरोजशहांनी प्रवाहाविरुद्ध भूमिका घेतली. उधळपट्टीचे समर्थन त्यांनी केले नाही. पण क्रॉफर्ड यांनी शहर राहण्याजोगे केले, हे मान्य करण्यासही ते कचरले नाहीत. नोव्हेंबर १८७१ मध्ये फ्रामजी कावसजी इन्स्टिट्यूटमध्ये वाचलेल्या निबंधात त्यांनी दोषाचे मूळ व्यक्तीत नव्हे, तर रचनेत असल्याचे दाखवून दिले. सरकारनियुक्त मंडळींना करदात्यांना उत्तर देण्याचे बंधन नाही, मग त्यांनी आयुक्तांना आवर का घालावा, हा त्यांचा प्रश्न होता. आयुक्तांऐवजी समिती नेमण्याची सूचनाही त्यांना मान्य नव्हती. अंमलबजावणी एका जबाबदार अधिकाऱ्याकडे आणि तिजोरीची किल्ली लोकनियुक्त प्रतिनिधींकडे असावी, असे त्यांचे मत होते. संतप्त श्रोत्यांना हे विवेचन रुचले नाही.

तरीही १८७२ च्या कायद्याने निवडणुकीचे तत्त्व स्वीकारले. ६४ सदस्यांच्या कॉर्पोरेशनमध्ये ३२ सदस्य करदात्यांनी निवडून द्यायचे ठरले. मताधिकार ठराविक कर भरणाऱ्यांपुरताच होता. चाळीतला कामगार त्याबाहेरच राहिला. १८८८ च्या कायद्याच्या घडणीत फिरोजशहा आणि न्या. काशिनाथ त्र्यंबक तेलंग यांचा मोठा वाटा होता. सदस्यसंख्या ७२ झाली, स्थायी समिती आली आणि पालिकेच्या कारभाराची सत्ता कॉर्पोरेशनकडे असल्याचे तत्त्व प्रस्थापित झाले.

खर्चाच्या प्राधान्यक्रमाबाबत ते आग्रही होते. १८९२ मध्ये तानसा जलाशयाचे पाणी शहराला मिळू लागले. असा मोठा खर्च त्यांना वावगा वाटत नसे. मात्र ज्या पोलिस दलावर पालिकेचे नियंत्रण नाही, त्याचा भार करदात्यांनी का वाहावा, यावर ते अनेक वर्षे भांडले. अखेर १९०७ मध्ये पोलिसांचा खर्च सरकारने उचलला आणि पालिकेने प्राथमिक शिक्षण व वैद्यकीय सेवेची जबाबदारी पत्करली. प्लेगनंतर १८९८ मध्ये स्थापन झालेल्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टलाही त्यांचा विरोध होता. शहराच्या पैशावर चालणारे हे मंडळ शहराला जबाबदार नव्हते, हेच त्याचे कारण.

१८८४, १८८५, १९०५ आणि १९११ असे चार वेळा ते कॉर्पोरेशनचे अध्यक्ष झाले. १८९० मध्ये कलकत्ता काँग्रेसचे अध्यक्षपद आणि १९०४ मध्ये 'सर' हा किताब त्यांना मिळाला. त्यांच्या एकछत्री वर्चस्वावर टीकाही झाली. १९०७ च्या निवडणुकीत काही युरोपीय अधिकाऱ्यांनी एकजूट केल्याने जस्टिसांच्या १६ जागांसाठी ते सतराव्या क्रमांकावर फेकले गेले. पुढे एका विजयी उमेदवाराची निवड रद्द झाल्याने ते सभागृहात परतले.

५ नोव्हेंबर १९१५ रोजी मुंबईतच त्यांचे निधन झाले. १८८८ चा तो कायदा अनेक दुरुस्त्यांसह आजही महापालिकेच्या कारभाराचा आधार आहे. मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि काही वर्षे अंदाजपत्रक मंजूर करण्याचे अधिकार प्रशासकाकडे गेले. तेव्हा खर्चाचा जाब सभागृहात विचारणारा लोकप्रतिनिधीच उरला नव्हता. फिरोजशहांनी १८७१ मध्ये बोट ठेवले होते ते नेमके याच उणिवेवर.